माध्यान्ह आहारातून आहारशिक्षण: गोव्यातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने

सप्टेंबरात पोषण माह आला की शाळाशाळांतून ठरलेला कार्यक्रम होतो. तक्ते, रांगोळ्या, डोक्यावर पुठ्ठ्याचे गाजर बांधलेली मुले, ‘पालेभाज्या खा’ म्हणत वाड्यावरून एक फेरी. तक्त्यावर सफरचंद, ब्रोकोली आणि दुधाचा उंच ग्लास. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पाव-भाजीचा डबा उघडतो आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मुले पाव रश्श्यात बुडवून खातात, वाटाणे वाटीच्या तळाशी तसेच राहतात, वाटी बादलीत उपडी होते, घंटा वाजते.

आहार एकीकडे आणि आहारशिक्षण दुसरीकडे असे हे चालते. ते जोडायचे असेल तर काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे चुकते, एवढेच इथे मांडले आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, सांग्यासारख्या तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आहेत, त्यातही एकाच शिक्षकावर चार वर्ग असलेल्या शाळा. त्यामुळे शिकवण्याच्या वेळेतली आठवड्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त मागणारे काहीही यात नाही. शिक्षकांना पदार्थांची माहिती बहुधा असते. चुकतो तो क्रम. पाहणीच्या आधी भाषण होते आणि चौकशीच्या आधी तक्रार.

टप्पा १: आपण या आहाराकडे कसे पाहतो ते आधी ठरवा

शिक्षकांत साधारण चार मते आढळतात. पहिले, ही एक कटकट आहे: हजेरी मोजा, नोंदी ठेवा, आकडे वर कळवा, भांडी गेली का पाहा. दुसरे, हे गरीब मुलांचे जेवण आहे. तिसरे, ‘काही बाधले नाही म्हणजे मिळवली’. चौथे, हा शाळेच्या वेळापत्रकातला एक तासच आहे, फक्त फळा नसलेला.

पहिल्या मताला मी चूक म्हणणार नाही. एकशिक्षकी शाळेत आहाराच्या नोंदी खरोखरच शिकवण्याचा वेळ खातात, आणि ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. तिसऱ्या मतातली काळजी रास्त आहे, पण ते तिथेच थांबते. घातक आहे ते दुसरे. ते शिक्षक तोंडाने म्हणत नाहीत, वागण्यातून दाखवतात. स्वतःचा डबा घेऊन कार्यालयात बसणे, वाढताना नाक मुरडणे, ‘फुकटचे आहे म्हणून टाकता’ असे ओरडणे. मुले हे लगेच टिपतात. मग ज्याच्या घरून डबा येतो तो वरचा आणि जो शाळेची थाळी घेतो तो खालचा, अशी उतरंड दुसरीच्या वर्गातच तयार होते. त्यानंतर तुम्ही कितीही चांगला धडा घ्या, मुलांच्या लेखी ‘पौष्टिक’ म्हणजे ‘आपल्याला परवडत नाही ते’.

यावर करायचे ते अगदी साधे आहे. आठवड्यातून निदान दोन दिवस मुलांच्या पंगतीत, मुलांसारख्याच ताटात, तेच जेवा. बोलू नका, शिकवू नका, फक्त जेवा. पुढचे सगळे टप्पे यावर उभे आहेत.

टप्पा २: एक आठवडा नुसती पाहणी

लागणारे साहित्य: स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, एक वही, आणि उरलेले अन्न टाकायची वेगळी बादली. शक्य असेल तर बादलीला आतून लिटरच्या खुणा करून घ्या.

सोमवारपासून पुढच्या गोष्टी लिहा. पदार्थ काय आला. किती वाजता आला आणि किती वाजता वाढला. उघडला तेव्हा वाफ येत होती की कोमट होता. एका मुलाच्या वाट्याला किती डाव आले. (एक डाव भाजी काट्यावर एकदाच मोजून ठेवा, म्हणजे पुढे डाव मोजले तरी पुरते.) बादलीत किती उरले आणि मुख्य म्हणजे *काय* उरले.

हे शेवटचे जवळून पाहा. बादलीत डोकावले की कळते, बटाटा जवळजवळ कधीच उरत नाही. कोबीचे मोठे तुकडे उरतात. गाजर बारीक चिरले असेल तर जाते, जाड चकत्या असतील तर राहते. वाटाणा कडक राहिला असेल तर तो एकेक करून बाजूला काढलेला दिसतो, इतका निगुतीने की बारीक चिमटीच्या सरावाचे गुण द्यावेत. म्हणजे मुले ‘भाजी खात नाहीत’ हे खरे नसते. न शिजलेले खात नाहीत, तोंडात न मावणारे खात नाहीत. या दोन्हींवर उपाय आहे, आणि तो व्याख्यानात नाही.

*सावधान:* वहीत मुलांची नावे लिहू नका. ‘अमुक मुलगा टाकतो’ अशी नोंद एकदा झाली की ती कुणाच्या तरी हाती लागते. अपवाद एकच: शेंगदाणा, दूध, गहू असे काही बाधत असल्याचे पालकांनी सांगितलेले मूल. ती यादी वेगळी ठेवा, आणि वाढणाऱ्या ताईंना ती तोंडी माहीत हवी.

*तपासून पाहा:* आठवडाअखेर तुम्हाला सांगता येते का, की कोणत्या दिवशी सर्वांत जास्त उरते आणि नेमका कोणता जिन्नस उरतो? येत नसेल तर आणखी एक आठवडा पाहणीच करा.

टप्पा ३: आकडे नीट वाचा

केंद्राची ही योजना २०२१ पासून ‘पीएम पोषण’ या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे. त्यासाठी प्राथमिकला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाज्या, ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकला हेच १५०, ३०, ७५ आणि ७.५ ग्रॅम.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हे आकडे शिजवलेल्या अन्नाचे समजणे. ते कच्च्या मालाचे आहेत. १०० ग्रॅम तांदळाचा भात अडीच ते तीन पट होतो. २० ग्रॅम कोरडे कडधान्य भिजून शिजल्यावर चाळीस-पन्नास ग्रॅम भरते. म्हणून ताटातली भाजी काट्यावर टाकून ‘पन्नास ग्रॅम आहे, नियमाप्रमाणे आहे’ असे म्हणता येत नाही. त्या पन्नास ग्रॅमांत पाणी किती, बटाटा किती, वाटाणा किती, हे पाहावे लागते.

चौथीच्या गणितात हे सरळ घेता येते. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी आणि ७ ते ८ ग्रॅम प्रथिने. २० ग्रॅम डाळीतून सत्तरच्या आसपास किलोकॅलरी आणि साडेचार-पाच ग्रॅम प्रथिने. ५ ग्रॅम तेलातून ४५ किलोकॅलरी. बेरीज करा, ४५० आणि १२ चा हिशेब लागतो. आता डाळ अर्धी करून पाहा. ऊर्जा फारशी घटत नाही, प्रथिने मात्र बाराच्या खाली घसरू लागतात. पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक मुलांना या एका वजाबाकीतून कळतो, तक्त्यावरच्या चित्रातून नाही.

आपल्याकडे पाव असतो तेव्हा हा हिशेब आणखी महत्त्वाचा. पाव मैद्याचा. त्यातून ऊर्जा मिळते आणि थोडी प्रथिनेही, पण ती एकटी अपुरी. गव्हात आणि तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्यात ते भरपूर असते. म्हणून पावाबरोबरची भाजी नुसत्या बटाट्याची असली तर जेवण लंगडे पडते. वाटाणा, चवळी, मूग, हरभरा यांतले काही तरी तिच्यात असले पाहिजे, आणि ते मुलाच्या पोटात गेले पाहिजे. टप्पा २ मधला बादलीतला वाटाणा इथे पुन्हा आठवा. उरतो तो जिन्नस नेमका सर्वांत गरजेचा असतो.

टप्पा ४: जेवणाच्या वेळेचा क्रम

हा क्रम भिंतीवर लावण्याइतका लहान आहे.

१. अन्न आल्यावर झाकण उघडून वास घ्या, चाखा, नोंद करा. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचे असते. घाई असली की ही सही जेवणानंतर होते, कधी महिनाअखेर एकदम होते. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुले दगावली. चाखण्याची नोंद कागदासाठी नाही, तिचा अर्थ तेवढाच आहे.

२. हात धुणे. साबणाने, वीस सेकंद, नखांसकट. नळ दोनच असतील तर इयत्तावार सोडा. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत बांधून नळाला टांगा, ती हरवतही नाही आणि चिखलातही पडत नाही.

३. आधी भाजी, मग पाव किंवा भात. उलटे केले की भूक पावावर भागते. हा बदल फुकट आहे आणि सर्वांत जास्त उपयोगाचा आहे.

४. पहिल्यांदा कमी वाढा, दुसऱ्यांदा विचारा. एकदाच ढीग वाढला की उरणारच.

५. जेवताना बोलणे मुलांचे, शिक्षकांचे नाही. या वीस मिनिटांत ‘हे खाल्ले की डोळे चांगले होतात’ वगैरे नको.

६. उरलेले मुलांनी स्वतः बादलीत टाकायचे. त्यावर शेरा नको.

*सावधान:* ‘ताट संपवल्याशिवाय उठायचे नाही’ हा नियम करू नका. जबरदस्तीने खाल्लेल्या पदार्थाविषयी मनात अढी बसते, आणि भूक किती हे ओळखण्याची मुलाची सवयही जाते. ‘एक घास चाखून पाहा, नको वाटला तर ठेव’ एवढे पुरे. नवा पदार्थ पहिल्या दोन-तीन वेळा नाकारणे लहान मुलांत नेहमीचे आहे. आठ-दहा वेळा पुढे आला की बरेच पदार्थ चालू लागतात.

*सावधान:* अन्न पहाटे शिजून डब्यात बंद होत असेल तर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात विशेष लक्ष द्या. ओले खोबरे घातलेला रस लवकर आंबतो. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास किंवा चव शंकास्पद वाटली तर वाढप थांबवा, सर्वांसाठी थांबवा. नमुना झाकून वेगळा ठेवा, अन्न पुरवणाऱ्या गटाला आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. खाऊन झाल्यावर मुलांना उलट्या होऊ लागल्या तर आधी १०८ ला फोन, मग बाकीचे.

टप्पा ५: अन्न पुरवणाऱ्या गटाशी बोलणे

गोव्यात हा आहार बहुतेक ठिकाणी महिलांचे स्वयंसाहाय्य गट आणि महिला मंडळे पुरवतात. त्यांच्याविषयी शिक्षकांची तक्रार असते आणि त्यांचीही शिक्षकांविषयी असते: बिले वेळेवर येत नाहीत, दर परवडत नाहीत, शाळेत गेले की फक्त खोड ऐकायला मिळते. या वातावरणात पहिले वाक्य ‘तुमची भाजी मुले टाकतात’ हे असेल तर संभाषण तिथेच संपले.

वही घेऊन प्रत्यक्ष जा. फोनवर नको, मुलांसमोर नको. विचारून सुरुवात करा. ‘ताई, वाटाणे रात्री किती वाजता भिजत घालता?’ या एका प्रश्नातून निम्मे कळते. रात्री उशिरा भिजवून पहाटे चारला शिजवले तर ते कडकच राहणार. मग ‘दुपारीच भिजत घातले तर गॅसही वाचेल का हो?’ असे म्हणता येते. गॅस वाचतो हे त्यांना तुमच्याआधी पटते.

पहिल्या भेटीत एकच बदल मागा. माझ्या मते तो चिरण्याचा असावा: कोबी आणि गाजर बारीक. त्याला पैसे लागत नाहीत. दुसऱ्या भेटीत कडधान्य. तिसऱ्या भेटीत मिठाबद्दल विचारा. आपल्याकडे मिठागरातले जाडे मीठ अजून वापरात आहे आणि चवीला ते छानच असते, पण त्यात आयोडीन मिसळलेले नसते. शाळेच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच हवे. ते झाकून ठेवावे आणि शक्यतो शेवटी घालावे.

*हमखास चूक:* पाकक्रिया लिहून देणे. शंभर मुलांची भाजी करणाऱ्या बाईला चार माणसांची पाककृती देऊ नये. तिला फक्त काय उरते ते सांगा. कसे करायचे ते तिला येते.

बदल झाला की आठवडाभराने पुन्हा जा आणि बादलीचा आकडा दाखवा. ‘मागच्या मंगळवारी चार लिटर उरले होते, या मंगळवारी दीड’ हे ऐकायला कोणालाही आवडते.

टप्पा ६: धडा, आणि तोही जेवणानंतर

आता कुठे शिकवायला सुरुवात. आठवड्यातून एक दिवस, वीस मिनिटे, सुट्टी संपल्याबरोबर, चारही वर्ग एकत्र. विषय त्या दिवशी ताटात जे होते तोच. मोठी मुले नोंद लिहितील, लहान मुले हात लावून पाहतील. पाच आठवड्यांचा एक फेरा पुढे दिला आहे. क्रम बदलला तरी चालेल, पण पहिला धडा पहिलाच ठेवा.

*पहिला आठवडा: कडधान्य.* दोन काचेच्या बरण्या. एकीत मूठभर मूग कोरडे, दुसरीत तेवढेच भिजवलेले. दुसऱ्या दिवशी उपसून ओल्या फडक्यात बांधा, तिसऱ्या दिवशी मोड. रोज वजन करा. वजन वाढले ते कशाने, हा प्रश्न पोरांना बराच वेळ पुरतो. मोड आल्यावर ‘क’ जीवनसत्त्व तयार होते आणि लोह शोषायला आड येणारे फायटेट कमी होते, हे मोठ्यांना सांगा. मग विचारा, घरी तोणाक (कडधान्याची रसभाजी) कशाकशाचे होते? अळसांदे, मूग, वाटाणे, हरभरे, वाल अशी यादी फळ्यावर मुलेच भरतात. शाळेतली उसळ आणि आईचे तोणाक एकाच घराण्यातले, हे त्यांना इथे उमगते आणि वाटाण्याकडे बघण्याची नजर बदलते.

*दुसरा आठवडा: तांदूळ.* उकडा आणि सुरय (न उकडता सडलेला), दोन्हींचे दाणे तळहातावर. उकड्या तांदळात भात (साळ) तुसासकट उकडला जातो तेव्हा ‘ब’ गटातली काही जीवनसत्त्वे कोंड्यातून दाण्यात मुरतात, म्हणून सडल्यावरही ती बऱ्याच प्रमाणात टिकतात. पेजेची आठवण इथे आपोआप निघते. पेज म्हणजे आजारपणाचे किंवा जुन्या माणसांचे खाणे, असे आता मुलांना वाटते. त्यावर तुम्ही काही म्हणायची गरज नाही, आजी-आजोबा पेजेबरोबर काय तोंडी लावत हे विचारून यायला सांगा.

*तिसरा आठवडा: लोह.* इथे चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून जरा थांबू. पहिली चूक रंगाची. ‘लाल खाल्ले की रक्त वाढते’ हे शिक्षकही सांगतात. बिटात लोह फारसे नसते. तांबड्या भाजीत (लाल माठात) असते, पण ती तांबडी आहे म्हणून नव्हे, पालेभाजी आहे म्हणून. हिरवा माठ आणि शेवग्याचा पालाही त्याच रांगेत.

दुसरी चूक म्हणजे लोहाचा पदार्थ सांगून थांबणे. वनस्पतीतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. जोडीला ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते वाढते, चहा असेल तर घटते. म्हणून धडा असा: भाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरू खा, काजूच्या हंगामात बोंडू (काजूचे फळ) खा. बोंडूत ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असते आणि सत्तरीतल्या मुलाच्या ते पायाखाली येते. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने. सकाळी चहात पाव बुडवून शाळेत येणारी मुले किती, हे हात वर करून विचारू नका. फक्त सांगा.

लोहाच्या गोळीचा दिवस याच आठवड्यात आणा. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. ती जेवणानंतर, पाण्याबरोबर. दूध किंवा चहाबरोबर नको. शौचाला काळसर होते, ते घाबरण्यासारखे नाही, हे पालकांना *आधी* कळवा. नंतर कळवले की अर्धी मुले पुढच्या आठवड्यात गोळी खिशात घालून नेतात आणि कुंपणापलीकडे टाकतात. जंताची गोळी चुकलेली असेल तर आरोग्य केंद्रातून तीही पाहून घ्या, कारण पोटात जंत असताना लोहाचा हिशेब जुळत नाही. जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो.

*चौथा आठवडा: नाचणी.* गटाने आणि पालकांनी मनावर घेतले तर या दिवशी शाळेत तिझन (नाचणीची गोड पेज) होऊ शकते. कोरड्या नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधात तेवढ्याच वजनाला सुमारे १२०. पण हे आकडे फळ्यावर लिहून ‘दुधापेक्षा तिप्पट’ म्हणणे फसवे आहे. वाटीभर तिझनात नाचणी पंचवीस-तीस ग्रॅमच जाते. हा प्रश्न मोठ्या मुलांना घाला: एक वाटी तिझन आणि एक पेला दूध, जास्त कॅल्शियम कशात? उत्तर मुले काढतात, आणि पाकिटांवरच्या ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ला पुढे भुलत नाहीत.

*पाचवा आठवडा: पाकीट.* मुलांना रिकामी पाकिटे आणायला सांगा. समोरचे चित्र नाही, मागची बारीक अक्षरे वाचायची. आकडे १०० ग्रॅमचे असतात, पाकीट वीस-तीस ग्रॅमचे, त्रैराशिक करा. साखर चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. चमच्याने साखर मोजून काचेच्या पेल्यात घाला आणि तो दिवसभर टेबलावर राहू द्या. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे हेही सांगा. मात्र फाटकासमोरचा गाडेवाला बहुधा एखाद्या मुलाचा मामा असतो, तेव्हा मुलांना त्याच्यावर सोडू नका. ते काम मोठ्यांचे.

*तपासून पाहा:* प्रत्येक धड्यानंतर एकच प्रश्न विचारा. ‘आजच्या ताटात हे कुठे होते?’ मुलांना बोट दाखवता आले नाही तर धडा तक्त्यावरचाच राहिला.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर एक जादा धडा मिळतो. माटोळीला (गणपतीच्या वर फळे-पाने बांधायच्या चौकटीला) काय काय बांधले, त्यातले खातात काय, नुसते बांधतात काय. घराघरांतली यादी वेगळी असते आणि मुले शिक्षकांना नवी नावे शिकवतात. कवंडळासारखे फळ माटोळीत शोभते, पण खायचे नसते, हे मात्र स्पष्ट सांगा. पावसाळ्यातल्या अळम्यांचेही (रानातल्या अळंब्यांचेही) तसेच: मुलांनी स्वतः रानातून काढून आणायची नाहीत, शाळेत तर नाहीच.

टप्पा ७: परसबाग, झेपेल तेवढीच

तीन झाडे आणि एक वाफा. शेवगा, पपई, कढीपत्ता आणि वाफ्यात तांबडी भाजी. शेवग्याची फांदी मे अखेर लावली की पाऊस तिची काळजी घेतो. तांबडी भाजी पावसाच्या झडीत झोडपली जाते, ती पाऊस ओसरल्यावर पेरा, महिन्याभरात काढायला येते. हात धुण्याचे पाणी चर काढून वाफ्याकडे वळवा, कपड्यांच्या साबणाचे नको.

परसबाग बुडते ती दोन कारणांनी, गुरे आणि मे महिन्याची सुट्टी. कुंपण आधी करा, झाडे मग. सुट्टीत पाणी कोण घालणार, त्याचे नाव लावण्याआधी ठरवा. ते ठरत नसेल तर वाफा नको, शेवगा तेवढा लावा.

टप्पा ८: पालकांशी बोलताना

पालक-शिक्षक संघाच्या सभेत आहाराचा विषय शेवटी घेऊ नका, तोवर निम्मी माणसे उठलेली असतात. दहा मिनिटे पुरतात. वहीतले दोन आकडे सांगा, मुलांनी केलेली तोणाकांची यादी वाचा, पालकांना त्या दिवशीचे जेवण चाखायला द्या. शाळेच्या जेवणाबद्दल गावात जे बोलले जाते त्यातले बरेचसे न खाताच बोलले जाते.

काय करू नये त्याची यादी मोठी आहे. डबे तपासून नावे जाहीर करू नका. ‘मॅगी आणली कोणी?’ असे वर्गात विचारू नका. पहाटे कारखान्याच्या पाळीला जाणारी आई डब्यात काय देते ते तिला वेळ किती आहे त्यावर ठरते. मासळी, मांस, उपास-तापास यांवर मत देऊ नका. शाळेचे जेवण शाकाहारी असते म्हणून घरचे सुंगट (कोळंबी) कमी पौष्टिक ठरत नाही. आणि मुलांची वजने वर्गात मोठ्याने वाचू नका. ‘बारीक’, ‘जाडा’, ‘अशक्त’ हे शब्द शिक्षकाच्या तोंडून निघाले की ते टोपणनाव होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, मोजमाप त्यांना करू द्या. काळजीचे काही असेल तर त्या पालकाला एकट्याला बोलवा.

टप्पा ९: सत्र संपताना काय मोजायचे

तीनच गोष्टी. पहिल्या आठवड्यातली बादली आणि आताची बादली, त्याच वाराची, त्याच पदार्थाची. मुले आपणहून विचारतात ते प्रश्न: वहीच्या शेवटच्या पानावर ते जसेच्या तसे, मुलांच्या कोंकणी-मराठीत उतरवून ठेवा. आणि शाळेचे जेवण घेणाऱ्यांचा आकडा. पूर्वी डबा असल्यामुळे न घेणारी मुले आता अर्धा डाव तरी घेतात का?

बादली कमी झाली नसेल तर धडे वाढवू नका. टप्पा ४ मधला क्रम तपासा, आधी भाजी वाढली जाते का ते पाहा, वाटाणा बोटांत दाबून पाहा. तो दबत नसेल तर पुन्हा टप्पा ५. नवीन सत्रात गट बदलला तर पाहणीचा आठवडा पहिल्यापासून, कारण डावाचा आकारही बदललेला असतो.